येसूवहिनी आणि सरकारजप्ती

चिंचवडच्या चाफेकर बंधूंचे नाव निघताच आमच्या वाचकांची मान आदराने लवते, आणि ती लवावीच. परंतु ज्या घरांतून असे पुरुष देशकार्यास निघाले, त्या घरांतील स्त्रियांचे पुढे काय झाले, हे विचारणारे थोडे. चाफेकरांच्या फाशीने पेटून उठून कुमार विनायक सावरकरांनी भगूरच्या घरात कुलदेवतेपुढे शपथ घेतली, हे सर्वश्रुत आहे. त्याच घरच्या थोरल्या सून यशोदाबाई ऊर्फ येसूवहिनी यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

गणेशपंत ऊर्फ बाबाराव सावरकर हे त्यांचे पती. सासू १८९२ सालीच निवर्तल्यामुळे कोवळ्या वयातच घरची चूल त्यांच्याकडे आली. १८९९ साली प्लेगने सासरे व चुलत सासरे नेले. कुटुंब नाशकास आले. तेथे तरुणांचा मित्रमेळा जमला व १९०४ साली त्यातूनच अभिनव भारत ही गुप्त संस्था झाली. वहिनी केवळ येणाऱ्याजाणाऱ्यांची पाने वाढीत बसल्या नाहीत. आत्मनिष्ठ युवती संघ काढून त्यांनी स्त्रियांत स्वदेशीचा व स्वराज्याचा प्रसार केला. जाऊ यमुनाबाई त्यांच्यासोबत होत्या. इटलीच्या मॅझिनीचे चरित्र त्या काळी घरोघर तरुण वाचीत. परंतु गॅरिबाल्डीच्या अनिताचे कुळ आपल्याच गल्लीत नांदत आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही.

८ जून १९०९ रोजी, राजद्रोही ठरविलेली पद्ये छापल्यावरून, बाबारावांस जन्मठेप काळे पाणी झाले. येथे कायद्याचे कलम नीट पाहिले पाहिजे. राजाविरुद्ध युद्धाच्या १२१ व्या कलमात त्या वेळी फाशी वा जन्मठेपेबरोबर सर्व मालमत्तेची जप्ती सक्तीची होती. ती तरतूद १९२१ साली काढण्यात आली. म्हणजे पद्ये छापली पतीने, आणि छप्पर गेले पत्नीचे! जे घर त्यांनी राखले, त्यावर कायद्याने त्यांचा काडीइतका हक्क नव्हता. लंडनहून दिराने सांत्वनपर कविता पाठविली; पुढे १९११ साली तोही अंदमानास गेला. पतीच्या एका भेटीसाठी वहिनींनी दहा वर्षे वाट पाहिली आणि १९१९ साली देह ठेविला. त्याच वर्षी धाकटे दीर व यमुनाबाई अंदमानास भेटीस गेले, तेव्हा बंदीवान पतीच्या पुढे उभी राहावयास त्या नव्हत्या. बाबाराव सुटले ते १९२२ साली.

वाचकहो, परके सरकार गेले. १९५६ च्या कायद्याने विधवेस व कन्येस वारसा मिळाला. २००५ च्या दुरुस्तीने कन्या वडिलोपार्जित मिळकतीत पुत्राच्या बरोबरीची झाली. तरीही चाकणच्या शिवारात कारखान्यासाठी जमिनीचा सौदा ठरला की बहिणीस माहेरी बोलावून, साडीचोळी करून, हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाते. सरकारने जप्ती केली तर तिला आम्ही जुलूम म्हणतो. भावाने केली तर तिला रीत म्हणतो. हा कोणता न्याय?

वहिनींचे स्मरण करावयाचे तर हारतुऱ्यांनी भागणार नाही. ज्या व्यापाऱ्याच्या दुकानाचा हिशेब घरची लक्ष्मी राखते, त्याने दुकानाच्या व घराच्या दस्तात तिचे नाव घालावे. बहिणीने समजून उमजून दिले तरच घ्यावे. आमच्या मते येसूवहिनींचे ऋण फेडण्याचा खरा आरंभ तोच होय.