उलटा वारा आणि गोव्याचा सायब

डिसेंबरची ३ तारीख जवळ आली की मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या भागांतील ख्रिस्ती कुटुंबांचे लक्ष जुन्या गोव्याकडे लागते. हा संत फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्ताचा दिवस होय. गोव्याचा सायब या प्रेमाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संतास नवस बोलणाऱ्यांत हिंदू भाविकही असतात. आमच्या किनाऱ्यावर तर समुद्रच त्यांची आठवण आणून देतो. जाळ्यात कधी कधी पाठीवर क्रुसाची खूण असलेली कुर्ली येते, आणि श्रद्धाळू मनास सायबाचा चमत्कार आठवतो. आजच्या मंगल दिनी या चमत्कारांमागील माणसाचे चरित्र आठवावे, असे आम्हांस वाटते.

फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी स्पेनच्या उत्तरेकडील नावारा राज्यात, झेवियरच्या गढीत एका सरदार घराण्यात झाला. पॅरिसच्या विद्यापीठात शिकत असता इग्नेशियस लोयोला यांचा सहवास त्यांना लाभला आणि मानसन्मानाची स्वप्ने पाहणाऱ्या या तरुणाचे मन पालटले. १५३४ मध्ये सात मित्रांनी पॅरिसजवळच्या टेकडीवर व्रत घेतले. त्यातूनच पुढे येशूसंघ उदयास आला. १५४१ मध्ये लिस्बन सोडून, वाटेत मोझांबिक येथे मुक्काम करून, ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास पोहोचले. तेथे रुग्णांची सेवा करावी, कैद्यांस भेटावे, हातात घंटा घेऊन रस्त्यातून मुलांस धर्मशिक्षणासाठी बोलवावे, असा त्यांचा क्रम होता.

त्याच वर्षी ते दक्षिणेस, मोत्यांच्या शिंपल्यांसाठी बुडी मारणाऱ्या परवर लोकांच्या किनाऱ्यावर गेले. त्यांस सर्व भाषा आपोआप अवगत होत, अशी पुढे ख्याती झाली. परंतु त्यांची स्वतःची पत्रे वेगळेच सांगतात. तमिळ येत नव्हती म्हणून त्यांनी जाणकारांस जमवून प्रार्थनांचे भाषांतर करून घेतले, ते पाठ केले आणि गावोगाव म्हणून दाखविले. हा चमत्कार नव्हे, कष्ट होते.

१५४४ च्या जूनमध्ये त्या किनाऱ्यावर उत्तरेकडील बडगा सैनिकांची धाड आली. लोक कन्याकुमारीच्या खडकांवर अन्नपाण्यावाचून लपून बसले. झेवियर यांनी एकट्याने क्रूस उंचावून शत्रूस परतविले, अशी कथा रूढ आहे. पण त्या दिवसांतील त्यांच्या पत्रांत दिसतो तो अगतिक माणूस. वीस होड्यांत मदत भरून ते निघाले, तर वारा उलटा. आठ दिवस समुद्राशी झुंजूनही त्यांना माघारी यावे लागले. मग ते पायवाटेने त्या दुःखितांपर्यंत गेले. उलट्या वाऱ्यापुढे हात टेकणे म्हणजे काय, हे आमच्या दर्यावर्दी वाचकांस सांगावयास नको. संताच्या प्रार्थनेनेही वारा फिरला नाही. त्यांचे पाय मात्र फिरले नाहीत.

१५४५ मध्ये मैलापूर येथे संत थॉमस यांच्या समाधीपाशी ते राहिले. रात्री प्रार्थनेस बसले असता सैतानांनी त्यांस मारहाण केली, असे परंपरा सांगते. पूर्वेकडे पुढे जावे की नाही या संशयाशी ते त्या दिवसांत लढत होते, एवढे मात्र त्यांच्या पत्रांवरून निश्चित कळते. आम्हांस ते युद्धही लहान वाटत नाही. पुढच्या वर्षी मोलुक्का बेटांच्या समुद्रात वादळ शमविण्यासाठी त्यांनी गळ्यातील क्रूस पाण्यात बुडविला. तो हातून सुटला, आणि दुसऱ्या दिवशी एका कुर्लीने तो नांगीत धरून किनाऱ्यावर आणून दिला. सहप्रवाशाने अनेक वर्षांनी शपथेवर सांगितलेली ही कथा होय. ती खूण असलेल्या कुर्लीची जात आपल्या समुद्रापासून पश्चिम पॅसिफिकपर्यंत आढळते, आणि खूण त्या जातीचीच आहे, हेही सांगितले पाहिजे.

१५४९ मध्ये ते जपानला पोहोचले. तेथे देवासाठी योजलेला शब्द बौद्धांच्या दैवताचा निघाला, तेव्हा त्यांनी चूक सुधारली. मग चीनचा ध्यास लागला. चोरून कँटनला नेण्याचे वचन देणारा व्यापारी आलाच नाही. चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियान बेटावर, अंतोनियो नामक चिनी तरुणाच्या सोबतीत, ३ डिसेंबर १५५२ रोजी त्यांचा अंत झाला. वय अवघे ४६. चुन्यात पुरलेला देह काही महिन्यांनी अविकृत आढळला आणि १५५४ मध्ये गोव्यास आणला गेला. १६२२ मध्ये त्यांस संतपद मिळाले.

याच देहाभोवती आमच्या इतिहासाचेही एक पान आहे. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने गोव्यास संकटात टाकले, तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉयने शवपेटी उघडून आपला अधिकारदंड संताच्या हाती दिला. तोच शहाआलमची मोगल फौज रामघाटाने उतरली आणि मराठे मागे फिरले. गोव्यात हा चमत्कार ठरला. पण त्याच मोगल फौजेने इकडे बांदे, कुडाळ, वेंगुर्ले उद्ध्वस्त केले. एका गावाचा चमत्कार दुसऱ्या गावाचा आकांत असू शकतो, हे आम्ही विसरू नये.

आणखी एक कटू सत्य. १५४६ मध्ये झेवियर यांनी पोर्तुगालच्या राजास पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशनची मागणी केली. ते धर्मन्यायालय त्यांच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये, आले आणि अनेकांस त्याचा जाच सोसावा लागला. मागणीचा तो ठपका सणाच्या दिवशीही झाकता येत नाही. ज्याने दुःखितांसाठी पायपीट केली, त्याच्याच लेखणीतून हे उतरावे, याची व्यथा वाटते.

तरीही आज बॉम जीझस बॅसिलिकेतील त्या चांदीच्या पेटीपुढे मेणबत्ती लावणारी मालवणची कोळीण काय मागते? घरधनी दर्यावरून सुखरूप यावा, एवढेच. तिला वारा फिरविणारा संत हवा असतो. वारा फिरला नाही, तरी पायी चालत येणारा एक माणूस त्या संतात होता, एवढे तिने जाणले तर तिच्या श्रद्धेस उणेपणा येणार नाही, उलट बळच येईल. आमच्या सर्व ख्रिस्ती बांधवांस फेस्ताच्या हार्दिक शुभेच्छा!