रॉबर्ट बारानी

उभ्या माणसास अकस्मात घेरी यावी, भोवतालच्या भिंती गरगर फिरू लागाव्यात आणि पायांखालची जमीन सरकल्यासारखी वाटावी, हा अनुभव मोठा भयंकर असतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा रुग्णाच्या मेंदूत रक्त दाटले आहे, असे बहुतेक डॉक्टरांना वाटे. मग त्याच्या शरीरातून रक्त काढून त्याला अधिकच दुर्बळ करण्यात येई. १८६१ साली पॅरिसचे डॉक्टर प्रोस्पर मेनिएर यांनी ह्या भोवळीचे मूळ अंतर्कर्णात असू शकते, असे दाखवून दिले. परंतु अंतर्कर्ण पडला कवटीच्या हाडात दडलेला! जिवंत माणसाच्या ह्या इंद्रियाची परीक्षा करावी कशी? हे कोडे रॉबर्ट बारानी यांनी उलगडले.

बारानी यांचा जन्म २२ एप्रिल १८७६ रोजी व्हिएन्ना येथे झाला. बालपणीच त्यांना हाडांचा क्षय जडला व त्यांचा गुडघा कायमचा ताठ झाला. तरीही ते टेनिस खेळत आणि डोंगरातून हिंडत. १९०० साली त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली. पुढे व्हिएन्नातील प्रख्यात कर्णवैद्य ॲडम पोलिट्झर यांच्या रुग्णालयात ते काम करू लागले.

तेथे कान धुण्यासाठी पिचकारीने पाणी सोडीत. त्या वेळी कित्येक रुग्णांना भोवळ येई. त्यांचे डोळे एका दिशेने हळू सरकत आणि झटक्याने परत येत. एके दिवशी एका रुग्णाने तक्रार केली, की पाणी थंड असले म्हणजेच आपल्याला घेरी येते. बारानींनी ती तक्रार हसण्यावारी नेली नाही. पुढच्या खेपेस पाणी फार गरम निघाले आणि रुग्णाला पुन्हा भोवळ आली. मात्र आता डोळ्यांचे झटके उलट दिशेने जात होते!

ह्याचे कारण शोधताना बारानींना लहानपणी पाहिलेला स्नानाच्या पाण्याचा बंब आठवला. त्यातील ऊन पाणी वर चढे व थंड पाणी तळाशी राही. अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून त्यांत द्रव असतो. लोकल गाडी ठाकुर्ली स्थानकातून सुटताना उभे उतारू क्षणभर मागे झुकतात. तसाच डोके वळताच हा द्रव मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला हालचालीचे ज्ञान होते. कानात ऊन वा थंड पाणी सोडले म्हणजे डोके स्थिर असूनही हा द्रव हलतो, मेंदू फसतो आणि डोळे झटके देऊ लागतात, असे बारानींनी प्रतिपादिले. निरोगी कान पाण्याला असा प्रतिसाद देतो. बिघडलेला कान तो मंदपणे देतो किंवा देतच नाही. दोन्ही कानांची तुलना केली की दोष कोणत्या बाजूस आहे ते कळू लागले.

१९१४ साली महायुद्ध पेटले. सैन्यात डॉक्टर म्हणून गेलेले बारानी रशियनांच्या हाती सापडले व मध्य आशियातील मर्व्ह येथे त्यांना बंदिवासात ठेवण्यात आले. तेथेही त्यांनी आपपर भाव न ठेवता रुग्णसेवा केली. १९१४ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक आपणांस मिळाल्याची वार्ता त्यांना त्या छावणीतच कळली. रेडक्रॉसच्या वतीने स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांनी रदबदली केली, तेव्हा १९१६ साली त्यांची सुटका झाली.

मायभूमीत मात्र त्यांच्या वाट्याला कटुता आली. त्यांनी पूर्वीच्या संशोधकांचे ऋण पुरेसे मान्य केले नाही, असा आरोप काही सहकाऱ्यांनी केला. खिन्न होऊन १९१७ साली ते स्वीडनमधील उप्साला येथे गेले. तेथे अध्यापन व संशोधन करीत असतानाच ८ एप्रिल १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.

१९८३ साली अंतराळातील वजनरहित अवस्थेतही ह्या परीक्षेने डोळ्यांचे झटके दिसून आले. ऊन द्रव वर चढणे हे पृथ्वीच्या ओढीमुळे घडते. तेव्हा बारानींचे स्पष्टीकरण पूर्ण नव्हते, हे सिद्ध झाले. परंतु त्यांची परीक्षा टिकून राहिली. एका रुग्णाची साधी तक्रार त्यांनी मन लावून ऐकली, म्हणून जगातील असंख्य रुग्णांच्या भोवळीचे मूळ शोधणे शक्य झाले.