तेल्हाऱ्याजवळ लढाई जिंकणारा वेलिंग्टन आणि आकडेवारीत न आलेला गुन्हा

अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात अडगाव बुद्रुक हे गाव आहे. 29 नोव्हेंबर 1803 रोजी इथे नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांचा इंग्रजांनी पराभव केला. त्या इंग्रजी सैन्याचा सेनापती होता 34 वर्षांचा आर्थर वेलस्ली. पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरवून तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगभर ओळखला गेला.

त्याच्या लढायांबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. पण बंदुका कोणाच्या हातात असाव्यात आणि गुन्ह्यांचे आकडे कितपत खरे मानावेत, या दोन प्रश्नांशीही त्याच्या आयुष्याचा जवळचा संबंध आला.

वऱ्हाडातली मोजदाद

वेलस्लीचा जन्म 1769 मध्ये आयर्लंडमधल्या डब्लिनचा. 1797 मध्ये तो भारतात आला आणि पुढच्याच वर्षी त्याचा थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल झाला. 1803 च्या सप्टेंबरमध्ये असईची लढाई जिंकून तो वऱ्हाडात उतरला.

अडगावला सुरुवातीला मराठ्यांच्या तोफांनी त्याच्या काही पलटणींची पांगापांग केली. त्याने स्वतः पुढे होऊन त्यांना सावरलं आणि संध्याकाळपर्यंत लढाई जिंकली. 38 तोफा हाती लागल्या. 15 डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांना सोडावा लागला.

अडगावला इंग्रजांकडचे मृत आणि जखमी साडेतीनशेच्या आसपास होते, असं त्यांची नोंद सांगते. मराठ्यांच्या हानीचे मात्र फक्त अंदाज मिळतात. कारण सरळ आहे. पगारपत्रकावर ज्यांची नावं होती, त्यांची मोजणी झाली. समोरच्यांची यादी ठेवणारं तिथे कोणी नव्हतं. कोणताही आकडा वाचताना तो कोणी मोजला आणि कशासाठी मोजला, हे आधी पाहावं लागतं ते यामुळेच.

आयर्लंडमधले बंदुकीचे परवाने

1805 मध्ये वेलस्ली मायदेशी परतला. 1807 मध्ये तो आयर्लंडच्या कारभाराचा मुख्य सचिव झाला. 1798 चा आयरिश उठाव होऊन जेमतेम नऊ वर्षं झाली होती. त्याच वर्षी त्याने पार्लमेंटमध्ये आयर्लंडसाठी शस्त्रांचा कायदा मांडला. शस्त्र बाळगणाऱ्याने नोंद करून परवाना घ्यायचा आणि संशय आल्यास दंडाधिकाऱ्याने झडती घ्यायची, असा त्याचा रोख होता. 1808 मध्ये त्याच्याच कारकिर्दीत डब्लिनच्या पोलीस दलाची नवी रचना करणारा कायदाही झाला.

अशा नोंदणीची एक मर्यादा असते. सरकारला भिऊन किंवा सरकारवर विश्वास ठेवून जे दारात येतात, त्यांचीच शस्त्रं वहीत चढतात. गवताच्या गंजीत लपवलेली बंदूक चढत नाही. त्यामुळे परवान्यांचा आकडा आणि बंदुकांचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात.

1829 : पोलीस आणि पिस्तूल

1828 च्या जानेवारीत वेलिंग्टन ब्रिटनचा पंतप्रधान झाला. त्याचा गृहमंत्री होता रॉबर्ट पील. लंडनसाठी एकच पगारी पोलीस दल हवं, असं पीलचं म्हणणं होतं. लोकसंख्येपेक्षा गुन्हे वेगाने वाढत आहेत, हे दाखवण्यासाठी त्याने पार्लमेंटपुढे आकडे ठेवले. लॉर्ड्सच्या सभागृहात या विधेयकाची बाजू वेलिंग्टनने सांभाळली. जून 1829 मध्ये कायदा झाला आणि 29 सप्टेंबरला नवे पोलीस रस्त्यावर आले. त्यांच्या हातात बंदूक नव्हती, लाकडी दंडुका होता.

पण पीलचे आकडे नेमके कशाचे होते? इंग्लंडमध्ये 1805 पासूनची जी आकडेवारी उपलब्ध होती, ती खटल्यासाठी पाठवलेल्या आरोपींची होती, घडलेल्या गुन्ह्यांची नव्हती. त्या काळी बहुतेक खटले फिर्यादीला स्वतःच्या खर्चाने चालवावे लागत. 1826 मध्ये पीलनेच कायदा करून हा खर्च अधिक प्रकारच्या गुन्ह्यांत परत मिळण्याची सोय केली. साहजिकच आधी गप्प बसणारे लोक कोर्टात जाऊ लागले. म्हणजे वाढलेल्या आकड्यात किती वाटा चोरांचा आणि किती फिर्याद करणं सोपं झाल्याचा, हे आकड्यावरून कळत नव्हतं.

आणि त्याच वर्षी पंतप्रधानानेच एक गुन्हा केला. कॅथलिकांना पार्लमेंटमध्ये बसण्याचा हक्क देण्याचा निर्णय वेलिंग्टनने घेतला होता. त्यावर अर्ल ऑफ विंचिल्सी याने त्याच्या हेतूंवर जाहीर शंका घेतली. माफी मिळेना, तेव्हा वेलिंग्टनने द्वंद्वाचं आव्हान दिलं. 21 मार्च 1829 रोजी सकाळी लंडनच्या बॅटरसी मैदानात दोघं पिस्तुलं घेऊन समोरासमोर उभे राहिले. वेलिंग्टनची गोळी लागली नाही, विंचिल्सीने हवेत बार काढला आणि लेखी माफी दिली.

द्वंद्वाचं आव्हान देणं हा तेव्हाही गुन्हा होता. त्यात कोणी मेला असता, तर कायद्याने तो खून ठरला असता. पण दोघांवर खटला झाला नाही. बातमी लंडनभर पसरली, तरी पीलच्या तक्त्यांत हा गुन्हा कुठेच येणार नव्हता. उलट, पोटासाठी पाव चोरून पकडला गेलेला पोरगा त्यात हमखास मोजला जाई.

आजचा धडा

1830 मध्ये वेलिंग्टनचं सरकार गेलं. 14 सप्टेंबर 1852 रोजी तो वारला. त्याच्या काळातला प्रश्न मात्र आजही शिल्लक आहे.

भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी जे आकडे देतो, ते पोलीस ठाण्यात नोंदवलेल्या गुन्ह्यांचे असतात. एकाच फिर्यादीत अनेक गुन्हे असतील, तर मोजणीसाठी सर्वांत गंभीर गुन्हाच धरला जातो. म्हणून गावठी कट्ट्याने खून झाला, तर तो खुनात मोजला जातो, शस्त्र कायद्याखालच्या संख्येत वेगळा दिसत नाही. दुसरीकडे, पोलिसांनी कट्टे शोधण्याची मोहीम काढली की त्या जिल्ह्याचा शस्त्र गुन्ह्यांचा आकडा एकदम फुगतो. तेवढ्यावरून तिथे बंदुका वाढल्या असं म्हणता येत नाही.

म्हणूनच वाढलेला आकडा दिसला की घाबरण्याआधी, आणि घटलेला दिसला की समाधान मानण्याआधी, तक्रार करणं त्या वर्षी सोपं झालं होतं की अवघड, एवढं तपासून पाहावं.