समोर बार होता, पण त्याने फोन फिरवला. आणि दारू सोडणाऱ्यांची एए उभी राहिली

तारीख ११ मे १९३५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन शहर. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत ३९ वर्षांचा एक माणूस येरझाऱ्या घालतोय. ज्या धंद्याच्या कामासाठी तो न्यूयॉर्कहून आला, ते फिसकटलंय. खिशात जेमतेम दहा डॉलर उरलेत. एका बाजूला बार आहे. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आहे आणि शेजारी शहरातल्या चर्चची यादी.

दारू सोडून त्याला बरोबर पाच महिने झालेत.

या माणसाचं नाव बिल विल्सन. त्या दिवशी तो फोनकडे वळला, म्हणून आज जगभर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजेच एएच्या मीटिंग भरतात.

पहिला पेला आणि पुढची १७ वर्षं

बिलचा जन्म २६ नोव्हेंबर १८९५ चा, व्हरमाँट राज्यातल्या ईस्ट डॉर्सेट या लहानशा गावातला. आईवडील वेगळे झाले आणि तो आजोळी वाढला. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो लष्करात अधिकारी झाला. चारचौघांत बुजणारा हा पोरगा १९१७ साली एका पार्टीत दारू प्यायला आणि त्याचा बुजरेपणा पार पळाला. इथेच तो अडकला.

१९१८ साली त्याचं लोईसशी लग्न झालं. युद्धावरून परतल्यावर त्याने वकिलीचं शिक्षण घेतलं, पण नशेपायी पदवी घ्यायलाही गेला नाही. मग तो शेअर बाजारात उतरला. मोटरसायकलवरून गावोगाव फिरून कंपन्यांची खरी परिस्थिती बघायची आणि गुंतवणूकदारांना कळवायची, ही त्याची कल्पना चालली. पैसाही आला. पण १९२९ साली बाजार कोसळला आणि बिलही. घर चालवायला लोईस दुकानात नोकरी करू लागली. दोघं ब्रुकलिनमध्ये तिच्या वडिलांच्या घरी राहायला गेले.

न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये तो पुन्हा पुन्हा दाखल झाला. तिथल्या डॉ. सिल्कवर्थ यांनी त्याला सांगितलं की हा स्वभावाचा दोष नाही, आजार आहे. बिलला ते पटलं. तरी बाहेर आला की तो प्यायचाच.

नोव्हेंबर १९३४ मध्ये एबी थॅचर हा जुना पिणारा मित्र घरी आला आणि त्याने समोरचा पेला नाकारला. हा सोडू शकतो, मग मी का नाही, हा विचार बिलच्या डोक्यातून जाईना. ११ डिसेंबर १९३४ ला तो शेवटचा हॉस्पिटलात भरती झाला. त्यानंतर तो प्यायला नाही.

फोन कशासाठी होता?

पुढचे काही महिने बिल दिसेल त्या दारुड्याला उपदेश करत सुटला. एकाचीही दारू सुटली नाही. पण लोईसने एक गोष्ट ध्यानात आणून दिली, या खटपटीत बिल स्वतः मात्र प्यायला नव्हता.

म्हणून अ‍ॅक्रनमध्ये त्याने चर्चला फोन लावला. त्याला गाठायचा होता दुसरा एखादा दारुडा. स्वतःला वाचवायला त्याला तो हवा होता. एका पाद्रीने दहा नावं दिली. नंबर फिरवता फिरवता तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचला. त्यांच्या ओळखीत एक सर्जन होते, डॉ. बॉब स्मिथ. तेही पिण्यापायी बुडत चालले होते.

दुसऱ्या दिवशी डॉ. बॉब पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि सहा तासांहून जास्त थांबले. कारण बिलने या वेळी उपदेश केला नाही, स्वतःची कहाणी सांगितली. पुढे डॉ. बॉब एकदा घसरले. १० जून १९३५ ला ऑपरेशनसाठी हात स्थिर राहावेत म्हणून त्यांनी एक बिअर घेतली, ती शेवटची. हाच दिवस एएचा स्थापना दिवस मानला जातो.

बिलने न्यूयॉर्कला परतून सासऱ्यांच्या घरी दर मंगळवारी मीटिंग सुरू केली. १९३९ साली संघटनेच्याच नावाचं पुस्तक आलं. फी नाही, बाहेरच्यांची देणगी नाही, आडनाव सांगायचं नाही, हे नियम अनुभवातून ठरत गेले. येल विद्यापीठ मानद पदवी देत होतं, तीही बिलने नाकारली.

तो संत नव्हता. त्याला अनेक वर्षं नैराश्याने छळलं. सिगारेट सुटली नाही आणि फुप्फुसाच्या आजारानेच २४ जानेवारी १९७१ ला तो गेला. शेवटच्या आजारपणात त्याने व्हिस्की मागितल्याची नोंद आहे. ती त्याला मिळाली नाही. ३६ वर्षांनंतरही ओढ पुरती संपली नव्हती. एएमध्ये फक्त आजच्या दिवसापुरतं बोलतात ते यामुळेच.

आज मीटिंग कशी शोधायची?

बिलसारखे दहा फोन आता करावे लागत नाहीत. एएच्या भारतातल्या वेबसाइटवर किंवा हेल्पलाइनवर जवळची मीटिंग विचारता येते. जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रातही चौकशी करा. महाराष्ट्रात मराठीतूनही मीटिंग चालतात. ओपन मीटिंगला कुणीही जाऊ शकतं, क्लोज्ड मीटिंग फक्त दारूचा त्रास असणाऱ्यांसाठी असते. दारू सोडायची इच्छा एवढीच सदस्य होण्याची अट. पहिल्या दिवशी नुसतं मागे बसून ऐकलं तरी चालतं. घरच्यांसाठी अल्-अनॉन हे वेगळे गट आहेत. त्यांच्या संस्थापकांपैकी एक होती लोईस.

एक काळजी मात्र घ्या. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवावरही बेतू शकतं. त्यामुळे आधी डॉक्टरांना भेटा. बिलनेही शेवटची दारू हॉस्पिटलात जाऊनच सोडली होती. मीटिंगचा रस्ता त्याला नंतर सापडला.