ॲरिस्टॉटल

ग्रीस देशाच्या उत्तर भागात, समुद्राच्या काठी, स्टॅगिरा नावाचे एक लहानसे नगर होते. तेथे इसवी सनापूर्वी ३८४ मध्ये ॲरिस्टॉटलचा जन्म झाला. त्याचे वडील निकोमेकस हे मॅसिडोनियाच्या राजाचे वैद्य होते. मातापित्यांचे छत्र त्याला फार काळ लाभले नाही. परंतु वैद्याच्या घरची निरीक्षणाची सवय त्याच्या अंगी कायमची मुरली असावी.

सतराव्या वर्षी तो अथेन्सला प्लेटोच्या विद्यापीठात आला आणि तेथे वीस वर्षे रमला. गुरूच्या निधनाच्या सुमारास त्याने ते नगर सोडले. लेस्बॉस बेटावर त्याने सागरी जीवांचा बारकाईने अभ्यास केला. पुढे मॅसिडोनियाच्या राजपुत्राला, म्हणजे अलेक्झांडरला, विद्या शिकविली. इसवी सनापूर्वी ३३५ मध्ये अथेन्सला परतून त्याने लायसियम नावाच्या उपवनात आपली पाठशाळा उघडली.

माशांच्या जाती जितक्या काळजीने त्याने निवडल्या, तितक्याच काळजीने त्याने माणसाच्या क्रियाही निवडल्या. गवंडी घर बांधत असतो, तेव्हा त्याने ते घर बांधले आहे असे आपण म्हणत नाही. काम मध्येच थांबले, तर घर झालेच नाही. रोगी बरा होत असतो, तेव्हा तो अजून बरा झालेला नसतो, हे तर वैद्याच्या मुलाला कोणी सांगावयास नको! पण डोंगराकडे पाहणाऱ्याचे तसे नाही. तो डोंगर पाहत आहे आणि त्याच क्षणी त्याने तो पाहिलाही आहे. काही क्रियांना शेवट गाठावा लागतो. काही क्रिया क्षणोक्षणी पूर्णच असतात. हा भेद त्याने क्रियापदांच्या रूपांवरून ओळखला, हे त्याच्या बुद्धीचे वैशिष्ट्य होय.

चालणे मात्र त्याने अपूर्ण क्रियांत घातले. येथे पुढील पंडितांचे त्याच्याशी जमले नाही. शाळेला निघालेला मुलगा अर्ध्या वाटेवरून परतला, तर तो शाळेत पोहोचला नाही हे खरे. पण तो चालला हेही खरेच. १९५७ साली झेनो व्हेंडलर या तत्त्वज्ञाने जाणणे, धावणे, वर्तुळ काढणे आणि शिखर गाठणे अशा क्रियांचे चार निराळे वर्ग मांडले. भाषेच्या अभ्यासकांना ते आजही उपयोगी पडतात.

इसवी सनापूर्वी ३२३ मध्ये अलेक्झांडर बॅबिलोन येथे मरण पावला. अथेन्समध्ये मॅसिडोनियाविरुद्ध संताप उसळला आणि त्याची झळ ॲरिस्टॉटलला लागली. देवांचा अनादर केल्याचा आरोप त्याच्यावर आला. ७६ वर्षांपूर्वी याच नगराने सॉक्रेटिसला अशाच आरोपावरून विष प्यावयास लावले होते. सॉक्रेटिस थांबला, ॲरिस्टॉटल थांबला नाही. कोणी याला भीती म्हणेल. मला तो शहाणपणा वाटतो. पाठशाळा आपला शिष्य थिओफ्रॅस्टस याच्या हाती सोपवून तो युबिया बेटावरील कॅल्किस येथे गेला. दुसऱ्याच वर्षी, वयाच्या सुमारे ६२ व्या वर्षी, तेथे त्याचा अंत झाला. लायसियममधील पाठ मात्र पुढेही चालूच राहिले.