इतिहासाचार्यांचा धडा : प्रत एकटी नसावी

राज्य बुडते तेव्हा त्याचे सिंहासन रिकामे होते, हे सर्वांना दिसते. त्याचे दप्तर बेवारस होते, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. इ. स. १८१८ मध्ये पेशवाई संपली. पेशव्यांचे सरकारी दप्तर इंग्रजांनी ताब्यात घेतले व ते पुण्यात टिकले, कारण इनामे आणि वतने तपासण्यासाठी नव्या सत्तेलाही त्याची गरज होती. सरदार, वकील, सावकार, देशपांडे, कुलकर्णी यांच्या घरच्या दप्तरांना असा कोणी वाली नव्हता. रुमालांत बांधलेले ते कागद वाड्यांच्या माळ्यांवर पडून राहिले. पावसाळ्यातील ओल, वाळवी आणि कसर यांनी आपापला वाटा उचलला. पुढे घरात मोडी वाचणाराच उरला नाही, तेव्हा उरलेले कागद वाण्याच्या पुड्यांसाठी गेले. एका राष्ट्राची स्मृती अशी कणाकणाने नाहीशी होत असताना जो पुरुष एकटा उभा राहिला, त्याचे नाव विश्वनाथ काशिनाथ राजवाडे.

कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील वरसई येथे १८६३ साली त्यांचा जन्म झाला. पितृछत्र लहानपणीच हरपले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्यांनी काही काळ शिक्षकाची नोकरी केली, परंतु ती त्यांच्या स्वभावाला मानवली नाही. ऐन तारुण्यात पत्नी निवर्तली आणि त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. जगातील थोर ग्रंथ मराठीत आणण्यासाठी १८९४ मध्ये त्यांनी ‘भाषांतर’ हे मासिक सुरू केले. पुढे वाई येथे पानिपतच्या काळातील अस्सल पत्रे त्यांच्या हाती आली आणि आयुष्याची दिशा ठरली. १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. या मालेचे बावीस खंड त्यांच्या हातून निघाले.

हे कार्य कोणत्याही सरकारच्या वेतनावर झाले नाही. राजवाडे गावोगाव हिंडत, बहुधा पायी. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करीत आणि ज्या घरी जुने कागद असल्याची कुणकुण लागे तेथे जाऊन बसत. घरमालक संशयी असत. दप्तरातून जमिनीचा एखादा जुना तंटा उकरला जाईल, अशी भीती त्यांना वाटे. राजवाड्यांचा स्वभावही तापट, त्यामुळे खटके उडत. तरीही माळ्यांवरचे रुमाल सुटले, मोडी पत्रांचे बालबोध लिपीत लेखन झाले आणि जो मजकूर एकाच कागदावर जिवंत होता तो शेकडो छापील प्रतींतून महाराष्ट्रभर पसरला. आता एखादा वाडा जळाला तरी त्यातील छापलेले पत्र मरणार नव्हते.

कागद मिळाला की काम संपले, असेही नव्हते. जुन्या पत्रांत पुष्कळदा चंद्राची तारीख आणि महिना असतो, पण वर्ष नसते. कोठे मिती व वार दोन्ही असतात, कोठे शक तर कोठे सुहूर सन. मिती आणि वार यांचा मेळ बसला नाही, तर नकलेत किंवा वाचनात चूक झाली आहे, हे संशोधकाला तत्काळ कळते. म्हणजे वरवर अनावश्यक वाटणारा तो वारच मितीची साक्ष काढतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग या गणितज्ञाने १९५० मध्ये याच जातीचा विचार संगणकासाठी काटेकोर गणितात मांडला. मूळ आकड्यांना काही जादा आकडे ठरावीक रीतीने जोडले, तर वाटेत झालेली चूक नुसती ओळखताच नव्हे, तर दुरुस्तही करता येते, हे त्याने दाखविले. १९८८ मध्ये पॅटर्सन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कली विद्यापीठातील संशोधकांनी, एका महाग तबकडीवर विसंबण्याऐवजी अनेक स्वस्त तबकड्यांवर जादा माहितीसह साठा विभागावा, म्हणजे एखादी निकामी झाली तरी तिच्यातील मजकूर इतरांवरून पुन्हा उभा करता येईल, अशी योजना मांडली. आधी नोंदवहीत लिहावे, मग मुख्य साठ्यात बदल करावा, हा संगणकाचा आणखी एक नियम. आपल्या पेढ्यांवरच्या कारकुनांना तो फार पूर्वीपासून ठाऊक होता. रोजकीर्द शाबूत असेल, तर बिघडलेली खतावणी पुन्हा लिहिता येते.

राजवाड्यांना एकट्या माणसाच्या हाती दप्तर असण्याचा धोका कळला होता. म्हणूनच १९१० मध्ये पुण्यात त्यांनी सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्या साहाय्याने भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. माणूस जातो, संस्था राहते, हा त्यामागील हिशेब. परंतु हा हिशेब त्यांनी स्वतः सर्वत्र पाळला नाही, हेही सांगितले पाहिजे. बीडच्या पाटांगण येथे मिळालेली ज्ञानेश्वरीची पोथी एकनाथपूर्व असल्याचे त्यांचे मत होते. ती त्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केली. छापील पाठ राहिला, मूळ पोथी मात्र पुढे अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही. त्यामुळे पोथीचे वय, अक्षर, कागद आणि राजवाड्यांचे वाचन यांची तपासणी करण्याचा मार्गच बंद झाला. छायाचित्रण झाले की मूळ कागद रद्दीत टाकणाऱ्या आजच्या कचेऱ्यांनी या एका उदाहरणावरून बोध घ्यावा.

उत्तर कोकणावर राजवाड्यांचे विशेष ऋण आहे. १९२४ मध्ये त्यांनी ‘महिकावतीची बखर’ संपादून प्रसिद्ध केली. भिन्न काळी, भिन्न हातांनी लिहिलेल्या प्रकरणांची ती जुळणी आहे. तिच्यातील जुना भाग शके १३७० मध्ये, म्हणजे १४४८ च्या सुमारास, केशवाचार्याने रचला. बिंब राजांचे राज्य लयास गेले, सत्ता पालटली आणि कुळांच्या, वतनांच्या आठवणी पुसट होऊ लागल्या, तेव्हा त्या पुन्हा एकत्र करण्याचा हा प्रयत्न होता. बखरीतील प्रत्येक विधान इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. पण ती छापली गेली नसती, तर पारखायलाही काही उरले नसते.

याच किनाऱ्यावर बोर्डी आहे. संजाण पडल्यावर पारशी समाजाने आपला पवित्र अग्नी बोर्डीजवळच्या डोंगरातील बाहरोट लेण्यांत बारा वर्षे जपला, असे परंपरा सांगते. ती परंपरा ‘किस्से-संजाण’ या १५९९-१६०० च्या सुमाराच्या फारसी काव्यामुळे टिकली. बोर्डी हे शाळांचे गाव. येथील विद्यालयाची परंपरा १९२० पासूनची; ताराबाई मोडक यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र १९४५ मध्ये येथेच सुरू केले. त्याच डहाणू-तलासरीच्या पाड्यांतून वारली समाजाची स्मृती कोणत्याही रुमालात बांधलेली नाही. ती लग्नविधी सांगणाऱ्या धवलेरींच्या कंठात आहे. कागदाचा माग काढणाऱ्या राजवाड्यांच्या पद्धतीत या स्मृतीला जागा नव्हती. एक धवलेरी शिष्येविना गेली, तर एक दप्तरच जळाले, असे समजावे.

आपत्ती पूर्वसूचना देत नाही. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. माणसे दगावली आणि अनेक विभागांच्या फायली भस्मसात झाल्या. ज्या कागदाची नक्कल अन्यत्र होती तोच पुन्हा उभा करणे शक्य होते. यंत्रे आली म्हणून हा नियम बदललेला नाही. एकाच खोलीतील दोन प्रती आगीच्या दृष्टीने एकच असतात. जी नक्कल कोणी उघडून तपासली नाही, ती आहे असे धरता येत नाही. मोडी जाणणारे संपले की मोडी दप्तर मुके होते, तसेच वाचणारे यंत्र कालबाह्य झाले की तबकडीही मुकी होते.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे राजवाड्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्यांचे कागद जपले गेले. परंतु त्यांचे खरे स्मारक गावोगावच्या शाळांना उभारता येईल. प्रत्येक शाळेने आपल्या पंचक्रोशीतील जुन्या कागदांची यादी करावी, दोन-चार विद्यार्थ्यांना मोडी शिकवावी, वृद्धांची गाणी ध्वनिमुद्रित करावी आणि प्रत्येकाची एक प्रत गावाबाहेर ठेवावी. यासाठी मोठा निधी लागत नाही. लागते ती चिकाटी, आणि आपल्यानंतरही कोणी वाचणार आहे, हा विश्वास.