मूल शाळेत येत नाही? मग शाळाच अंगणात नेली! अंगणवाडीची वाट दाखवणाऱ्या ताराबाई मोडक

आज गावात, पाड्यावर अंगणवाडी नाही असं सहसा होत नाही. तिथं पोरं गाणी म्हणतात, खाऊ खातात, त्यांचं वजन होतं. पण हे नाव कुठून आलं, हे फार कमी जणांना माहीत आहे. त्यामागं पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्याची आणि ताराबाई मोडक यांची गोष्ट आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचं आडनाव केळकर. बायकांनी शाळेत जाणंच नवल वाटायचं त्या काळात, १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. लग्न अमरावतीच्या एका वकिलांशी झालं, पण संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्या वेगळ्या झाल्या. पदरात लहान मुलगी होती. त्या काळात अशा बाईकडं समाज कसा बघत असेल, याची कल्पना आजही करता येते. ताराबाई मात्र रडत बसल्या नाहीत. राजकोटला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात त्या प्रिन्सिपॉल झाल्या.

लहान पोरांच्या शिक्षणाचं वेड लागलं ते भावनगरला. तिथं गिजुभाई बधेका मुलांना मार न देता, गोष्टी आणि खेळांतून शिकवत होते. चांगली नोकरी सोडून ताराबाई १९२३ मध्ये त्यांच्यासोबत कामाला लागल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. घरची भाषा मराठी, पण काम गुजरातीत. ताराबाईंनी दोन्ही भाषा आपल्या केल्या. शिक्षणपत्रिका हे मासिक गुजरातीत आणि मराठीतही निघालं. एका भाषेतला अनुभव दुसऱ्या भाषेतल्या आईबापांपर्यंत पोचला.

पुढं मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केला. काम चांगलं चाललं होतं, पण त्यांना एक गोष्ट खटकत होती. हे शिक्षण शहरातल्या, बऱ्या घरच्या पोरांनाच मिळतंय. खेड्यातल्या गरिबाच्या पोराचं काय?

म्हणून १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या मराठी आणि गुजराती दोन्ही बोलल्या जाणाऱ्या बोर्डी गावात आल्या. सोबतीला अनुताई वाघ होत्या. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली, पाड्यावरची पोरं तिथवर येईनात. कुणाला धाकटं भावंडं सांभाळायचं, कुणाच्या घरी पोराला सोडायला माणूस नाही. इथं आईबापांना दोष देणं सोपं होतं. ताराबाईंनी शाळाच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेली. पोरांना तिथंच न्हाऊ-माखू घालायचं, तिथंच गाणी आणि खेळ. हीच अंगणवाडी.

महागडी खेळणी परवडणारी नव्हती. मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, माती यांवर मोजणी आणि ओळख सुरू झाली.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मधोमध गेलं. तेव्हा ताराबाई पासष्ट वर्षांच्या होत्या. वारली पोराच्या घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. म्हणून पोरांच्या ओळखीच्या गाण्यांना, नाचाला आणि रानातल्या वस्तूंना शाळेत जागा मिळाली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आली. त्यामुळं धाकट्याला कडेवर घेऊन येणाऱ्या ताईलाही शिकता आलं.

१९६२ मध्ये सरकारनं ताराबाईंना पद्मभूषण दिलं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. कोसबाडचं काम अनुताईंनी पुढं नेलं.

दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास योजना ३३ प्रकल्पांतून सुरू झाली. तिच्या केंद्रांचं नाव अंगणवाडी. आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळेआधीचं शिक्षण असं सगळं त्यात आलं. ताराबाईंना ते बघायला मिळालं नाही.

आज कुठल्या पाड्यावरचं पोर अंगणवाडीत येत नसेल, तर त्याच्या घरी बोट दाखवण्याआधी एक बघायला हवं. अंगणवाडी त्याच्या अंगणापर्यंत आणि त्याच्या बोलीपर्यंत पोचली आहे का? ताराबाईंनी सुरुवात तिथूनच केली होती.